स्वच्छ नळीतलं उत्तर

९ जानेवारी

आज पट्टी दिसली नाही. ती दिसू नये म्हणूनच महिनाभर धडपडत होते, त्यामुळे दुपारभर मी प्रयोगशाळेत वेड्यासारखी हसत फिरले.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तिच्या डीएनएची प्रत निघावी लागते. ती काढणारं एक एन्झाइम असतं. माणसाच्या पेशीतलं ते एन्झाइम आम्ही इवल्याशा नळीत ठेवतो आणि त्याला वाचायला डीएनएचा तुकडा देतो. प्रत निघाली तर जेल नावाच्या पातळ, पारदर्शक वडीवर निळ्या उजेडात एक पट्टी चमकते. आज काही नळ्यांत मी एक मेदाम्ल घातलं होतं. तेलातुपाच्या कुळातलाच लांब शेपटीचा रेणू, माशाच्या तेलात सापडतो. थोडं घातलं तिथे पट्टी फिकट. जास्त घातलं तिथे नुसता काळोख. रेणू जाऊन एन्झाइमच्या पकडीत बसला आणि काम बंद.

डिसेंबरभर हेच जमत नव्हतं. कृतीत शेवटी थोडं अल्ब्युमिन घालायला सांगितलंय. हे रक्तातलं एक प्रथिन, एन्झाइम नळीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून घालतात. ते घातलं की मेदाम्लाचा काडीचाही परिणाम दिसत नव्हता. शेवटी मला सुचलं की मध्ये लुडबुड करतंय ते हेच. काढून टाकलं. नळी जितकी स्वच्छ, तितकं उत्तर स्वच्छ.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून जेल पाहिलं. "पुन्हा कर. तीनदा आलं तर खरं मानेन." त्यांच्या तोंडून ही शाबासकीच. शेजारच्या बाकावर माझा सीनियर असतो, त्याला सगळे चिमटा म्हणतात. हातात कायम चिमटा असतो म्हणून, आणि बोलतोही तसाच म्हणून. तो मागून म्हणाला, "मासा बादलीत छान पोहला. आता नदीत सोडून बघा, मग नाचा." ज्यांचं स्वतःचं काम अडलेलं असतं त्यांना दुसऱ्याच्या ताटातली माशी आधी दिसते.

बाबांना इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलंय. त्यांच्या मानेतल्या गाठीवरचं पहिलं इंजेक्शन तीन तारखेला झालं. इंजेक्शन म्हणायचं, पण असतं ते अर्धा दिवस थेंबथेंब चालणारं सलाइन. तेव्हापासून ते अंथरुणाला खिळले होते. आज उठून भिंतीला टेकून बसले आणि अर्धी वाटी भात खाल्ला.


१२ जानेवारी

तीनदा आलं.

आणि मी घरी सांगून बसले. दारात पाऊल टाकल्या टाकल्या दादा म्हणाला, "काय हो शास्त्रज्ञ, चेहऱ्यावर एवढा उजेड कुठून?" दादा बारावीला शाळा सोडून सामान पोचवायच्या व्हॅनवर लागला, तेव्हापासून आमच्या घरात डोकं एकच आणि ते माझ्या धडावर, असं त्याचं म्हणणं. मग मला राहवलं नाही.

बाबांना समजावं म्हणून मी लिफ्टचं उदाहरण घेतलं. त्यांनी सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलाय.

"समजा बाबा, एक लिफ्ट वर चढतेय."

"कितव्या मजल्याला?"

"कुठल्याही."

"असं कसं? लिफ्ट म्हटली की मजला आला."

"बरं, चौथ्या. हे एन्झाइम म्हणजे ती लिफ्ट. डीएनए म्हणजे तिचा रूळ. चढता चढता एकेक अक्षर वाचत जाते आणि शेजारी नवा रूळ बांधत जाते. माझा रेणू तिच्या पकडीत जाऊन बसतो."

"पकडीत ग्रीस गेलं म्हण ना."

"अगदी तसंच."

ते डोक्यावरून हात फिरवत राहिले. डोक्याचा गोटा केलाय. केस गळायची वाट न बघता पहिल्या इंजेक्शनआधीच न्हाव्याकडे जाऊन आले. काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा दिलेला बरा, म्हणाले होते.

"म्हणजे गाठ वाढायची थांबेल?"

मी म्हणाले, गाठ म्हणजे तरी काय, पेशींच्या बेसुमार प्रती. प्रती थांबल्या की गाठ थांबली. यात खोटं काही नाही. पण हे सगळं नळीतलं आहे, याचं औषध झालंच तरी वर्षानुवर्षं जातील, हेही मी सांगितलं. नक्की सांगितलं. फक्त तेव्हा आई भांडी आत ठेवायला उठली होती, दादाचा फोन वाजला, आणि बाबा उशी सारखी करत होते.

आई परत येऊन म्हणाली, "माशाचं तेल म्हणजे त्या पिवळ्या गोळ्या? आरपार दिसतात त्या?"

"त्यात असतं थोडं, पण आई..."

"घेतल्या तर काही अपाय?"

"अपाय नाही."

तिला बहुधा एवढंच हवं होतं. बाबांनी विचारलं, हॉस्पिटलातलं औषध काय करतं मग? म्हटलं, तेही हेच, प्रत निघू देत नाही. पण ते केसांच्या मुळांना, आतड्याला, सगळ्यांनाच अडवतं, म्हणून एवढा त्रास.

"आणि तुझं?"

"ते अजून बघायचंय."

"तुझं आपलं घरचं. ते कशाला त्रास देईल?" बाबा म्हणाले. सगळे हसलो. त्यांच्या आजारपणानंतर घरात पहिल्यांदाच सगळे एकदम हसलो.


२४ जानेवारी

आज दुसरं इंजेक्शन. मी रजा टाकणार होते, पण बाबा ऐकेनात. "मी काय बालवाडीत चाललोय? दादा दारात सोडतोय, आणि वर तळमजला आहेच." तळमजला म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. ठेंगणा आहे म्हणून सगळ्या लिफ्टवाल्यांनी हे नाव ठेवलं आणि त्यानंही ते मनाला लावून घेतलं नाही. हल्ली हॉस्पिटलच्या लिफ्ट तोच बघतो.

संध्याकाळी मी जीव मुठीत धरून घरी आले. बाबा पडून होते, पण उलटी नाही, थरथर नाही. चहा मागितला. मागच्या वेळी पाण्याचा वाससुद्धा सहन होत नव्हता. आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून हसत होती. ओट्याच्या खिडकीत पिवळ्या गोळ्यांची बाटली ठेवलीय, उन्हात चमकते.

मी आईला म्हटलं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मला सवय लागायला हवी, जे दिसलं तेवढंच बोलायची. पण खोटं कशाला लिहू, मलाही वाटलं. वाटण्यावर कुणाचा ताबा?

त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता. आईनं विचारलं तर म्हणाले, तळमजला भेटायला आला होता, गळ्यात पडला.


२ फेब्रुवारी

बाबांची दाढी यायची थांबली. भुवया विरळ झाल्यात. आईचे डोळे भरून आले. मी तिला समजावलं की हे चांगलंच. केसांच्या मुळाशी पेशी सतत प्रती काढत असतात, तिथे औषध पोचलं की केस थांबतात. गाठही बरीच उतरलीय, मी बोटांनी चाचपून बघितली.

मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यात एका परिषदेत तुझी पट्टी मांडू. मांडायची मला. माझ्या घरात याआधी कुणी शाळेच्या व्यासपीठावरही चढलेलं नाही.


१४ फेब्रुवारी

तिसरं इंजेक्शन. पुन्हा काही त्रास नाही. संध्याकाळी बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि दादाशी व्हॅनच्या क्लचवरून वाद घातला. दादा मला दाराशी म्हणाला, "तू काहीतरी मोठं करणार गं. आम्ही आपले खोकी उचलतो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

बाबा हल्ली घरातही मफलर गुंडाळून असतात. थंडी वाजते म्हणाले.


२६ फेब्रुवारी

आज दोन आनंद.

पहिला, मॅडमनी पेशींवर प्रयोग करायला परवानगी दिली. आजवर सगळं नळीत होतं. आता जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांना मेदाम्ल द्यायचं आणि त्या वाढायच्या थांबतात का ते बघायचं. चिमटा म्हणाला, "अल्ब्युमिन काढून टाकलंस ना? पेशींच्या खाण्यातून काढता येणार नाही हो. त्यांना रक्तातला द्रव लागतो, उपाशी मरतील." मी म्हटलं, ठाऊक आहे मला. त्यानं खांदे उडवले.

दुसरा, बाबांची दाढी परत आली. सकाळी आरशासमोर साबण लावून बसले होते, गाल फुगवून. डोक्यावरही पांढरे खुंट दिसतायत. आई म्हणाली, अंगात जोर आला की केस येणारच. मलाही तसंच वाटलं, शरीरानं औषधाशी जुळवून घेतलं. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, ब्रशसारखं लागलं. मफलरला हात लावू दिला नाही. "गुदगुल्या होतात," म्हणाले.


४ मार्च

पेशी लावल्या. चपट्या बाटल्या, तळाशी पेशी, वर गुलाबी द्रव, त्यात वासराच्या रक्तातलं सीरम. निम्म्या बाटल्यांना मेदाम्ल दिलं, निम्म्यांना नाही. बाटल्या ठेवताना मनातल्या मनात त्यांना म्हणाले, आता लाज राखा.

सात तारखेला बघायचं. त्याच दिवशी बाबांचं चौथं इंजेक्शन आहे.


७ मार्च

काय लिहू. जे घडलं ते ओळीनं लिहिते.

सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आधी मेदाम्ल न दिलेली. तळ पेशींनी गच्च भरलेला, जसा असायला हवा. मग दिलेली. तीही गच्च. मला वाटलं, मी बाटल्यांची अदलाबदल केली. पुन्हा पाहिल्या, एकूणएक. सगळ्या सारख्या. अंगाला अंग घासून दाटीवाटीनं वाढलेल्या, काही तर माझ्या डोळ्यांदेखत दोन होत असलेल्या. जणू कुणी त्यांना काही दिलंच नव्हतं.

हे वाक्य मनात आलं आणि माझा हात बाटलीवरच थांबला.

जणू काही दिलंच नव्हतं. ब्रशसारखं डोकं. साबण लावलेले गाल. केसांच्या मुळाशी पेशी प्रती काढतायत, कारण त्यांना अडवणारं कुणी आलंच नाही. हे मीच आईला शिकवलं होतं, आणि माझ्या तळहाताला ते खुंट टोचले तेव्हा मी खूश झाले होते.

मी तशीच निघाले. चिमटा दारात आडवा आला, म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "बाटल्या ठेवशील आत?" त्यानं ठेवल्या असणार.

हॉस्पिटलात दिवसभराच्या रुग्णांची एक खोली आहे, तिथे ओळीनं खुर्च्या. बाबा कुठल्याच खुर्चीत नव्हते. नर्सनं नाव विचारलं आणि म्हणाली, "ते पहिल्या वेळी आले, नंतर आलेच नाहीत. आम्ही फोन केला तर म्हणाले, बाहेरगावी आहे."

"पण माझा भाऊ तर त्यांना दर वेळी इथे सोडतो."

"दारात सोडत असतील," ती म्हणाली. आवाज हळू करून म्हणाली.

लिफ्टपुढे उभी राहिले तेव्हा मला कळलं ते कुठे असतील. सगळ्यात वरच्या मजल्यावर उतरले, तिथून गच्चीकडे लोखंडी जिना जातो, आणि गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली. दार उघडंच होतं. आत मोठी मोटर, जाड दोर गुंडाळलेलं चाक, आणि ग्रीसचा तो वास. उलट्या बादलीवर तळमजला बसला होता आणि एकुलत्या खुर्चीवर बाबा. मफलर मांडीवर होता. मानेतली गाठ पुन्हा पहिल्याएवढी झाली होती. नाही, पहिलीहून मोठी.

दोघांच्या हातात चहाचे पेले. मोटर एकदम गरगरली, दोर पळाले, खट आवाज झाला.

"पाचवर थांबली," बाबा सवयीनं म्हणाले. मग त्यांनी मला पाहिलं.

तळमजला उठून म्हणाला, "बस पोरी," आणि बादली पुढे केली.

"बाबा, का?"

"त्या पहिल्या वेळेनंतर मला पेला उचलवेना गं. तुझी आई चमच्यानं पाणी पाजायची आणि तोंड फिरवून रडायची. म्हटलं असे किती महिने?" त्यांनी मफलरची घडी घातली, मोडली. "मग तू म्हणालीस तुझं जमलं. म्हटलं, थोडेच दिवस काढायचेत. पोरीचं होईपर्यंत."

"मी वर्षं लागतील म्हणाले होते."

"म्हणाली असशील. तीनदा आलं, तेही म्हणालीस."

"नळीत आलं, बाबा."

"नळीतलं माणसात यायला किती वेळ?"

मी बादलीवर बसले. तळमजला दाराकडे बघत म्हणाला, "मी दर वेळी सांगत होतो ह्याला, खाली जा, खाली जा. तर हा मलाच गप्प करी. म्हणे आमची पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं. मी आपला सातवी नापास. काय बोलणार पुढे?"

"गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत हं," बाबा म्हणाले. "एकही नाही."

मी त्यांना म्हणाले की आज पेशी बघितल्या, आणि काही झालेलं नाही. कशालाच काही झालेलं नाही. हे सांगायची ही जागा नव्हती, पण मला दुसरं काही सांगता येत नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला. मग उठले.

"चल. खाली जाऊ."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. दार लागताना ते त्याच्याकडे बघत होते. "उशिरा लागतंय," म्हणाले. "तळमजल्याला सांगायला हवं." मी त्यांचा हात धरला होता, लहानपणी तेही माझा असाच धरायचे, मनगटाच्या वर.


१० मार्च

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतंच कागदावर रेघोट्या ओढत म्हणाले, "पहिल्या वेळी गाठ छान उतरली होती. मध्ये सोडलं की तेच औषध पुन्हा तेवढं लागू पडेल असं सांगता येत नाही." दुसरं देणार आहेत, जास्त कडक. आज सुरू झालं. दादा दारात सोडून गेला नाही, खोलीबाहेरच्या बाकड्यावर दिवसभर बसून राहिला, व्हॅन उभी करून. माझ्याशी बोलला नाही. मग दुपारी केळी आणून माझ्या हातात ठेवली, तरी बोलला नाही.

आईला आम्ही सांगितलं की मध्ये एखादी वेळ चुकली. तेवढंच. बाबांनी तशी शपथ घातली आहे.


१३ मार्च

प्रयोगशाळेत जायचं धैर्य होत नव्हतं. गेले. बाटल्या चिमट्यानं जागेवर ठेवल्या होत्या, वर माझं नाव लिहून. त्यानं टोमणा मारला असता तर मला आधार वाटला असता.

मग जे डिसेंबरातच करायला हवं होतं ते केलं. नळीत एन्झाइम, डीएनए, मेदाम्ल. अर्ध्या नळ्यांत अल्ब्युमिन. पांढरी पूड, पाण्यात घोळली की फेस येतो. जेल निळ्या उजेडात धरलं. अल्ब्युमिन नाही तिथे काळोख. अल्ब्युमिन आहे तिथे पट्टी, लख्ख, ठणठणीत.

मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अल्ब्युमिनचं रक्तात कामच ते. तेलकट रेणू उचलायचे आणि इकडून तिकडे वाहायचे. तुझं मेदाम्ल एन्झाइमपर्यंत पोचायच्या आत ते पाठीवर घेऊन निघून जातं."

"मग माझं उत्तर खोटं होतं?"

"खोटं नाही. नळीपुरतं होतं. म्हणून तर पेशींवर कर म्हटलं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेत म्हणाल्या, "परिषदेत दोन्ही मांड. हे होत नाही, हेही कुणीतरी सांगावं लागतं."

मी हो म्हटलं. त्यांना घरचं काही ठाऊक नाही. सांगून त्या काय करणार होत्या? चूक कुणी केली असं बोट दाखवायला जागाच सापडत नाही. एन्झाइमनं नाही, अल्ब्युमिननं नाही, मॅडमनी तर नाहीच. मी भेसळ नको म्हणून नळी स्वच्छ ठेवली, आणि ती तशीच्या तशी घरी नेऊन जेवणात मांडली.


३१ मार्च

आज दुसऱ्या औषधाची दुसरी वेळ. मी शेजारच्या खुर्चीत. वरच्या पिशवीतून थेंब पडतो, थांबतो, पडतो. हे औषध नेमकं काय करतं ते मला अक्षर न् अक्षर ठाऊक आहे. ते डीएनएच्या अक्षराचं सोंग घेतं, एन्झाइम फसतं, त्याला रुळात बसवतं, आणि पुढचं बांधकाम अडतं. एवढं ठाऊक असून त्या खोलीत माझ्याकडून झालेलं काम म्हणजे, बाबांना ओकारी आली तेव्हा भांडं धरलं.

जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे रक्तात चालतं?"

"चालतं."

"तुझं का नाही चाललं? चिडू नकोस हं, विचारतो आपलं."

"रक्तात एक हमाल असतो, बाबा. तेलकट काही दिसलं की उचलून पाठीवर घेतो. माझं सगळं त्यानंच उचललं. पुढे काही पोचलंच नाही."

ते डोळे मिटून विचार करत होते. "म्हणजे बिचारा आपलं काम करत होता."

"हो."

"मग त्याला काय बोलणार," म्हणाले. मग डोळे न उघडताच, "आणि तुलाही." नर्स येऊन थेंबाचा वेग कमी करून गेली.


२ एप्रिल

आज बाबांनी दाढी केली नाही. करायला काही उरलंच नव्हतं. डोक्यावरचे खुंटही उशीवर राहिले. आई त्यांच्या हनुवटीवरून हात फिरवून म्हणाली, "सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय," आणि हसत हसत आत गेली. मग आत बराच वेळ नळ चालू होता.

त्या गुळगुळीत हनुवटीकडे बघून ज्याला बरं वाटलं असं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. औषध पोचतंय, एवढं मला त्यावरून कळतं. गाठीवर ते चालतंय का, हे डॉक्टरांनाही पुढच्या महिन्याशिवाय कळणार नाही. सकाळी चाचपली. काल होती तेवढीच वाटली, की बोटांनाच तसं वाटावंसं वाटलं, सांगता येत नाही.

जेवायच्या वेळी आईनं ताटाच्या कडेला पिवळी गोळी ठेवली. मी तिला आता स्पष्ट सांगितलंय की याचा उपयोग नाही, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती म्हणते, अपाय नाही ना? मग राहू दे. मी आजही तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळी उचलली.

"पाणी दे गं."

मी पेला पुढे केला. त्यांना तो एका हातानं धरता येत नाही, म्हणून खालून मीही धरला. गोळी गिळून त्यांनी श्वास घेतला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "तुझ्या हमालालाही रोजचं काम नको का?"

आईनं विचारलं, कोण हमाल? काही नाही, म्हटलं. पेला विसळून पालथा घातला.